न्यूझीलंडची आयटिनरी पैसे देऊन आखून घेतली: कराडच्या सहा जणांचा अनुभव

परदेशात गाडी आपणच चालवायची, पण रोज कुठून कुठे जायचं हे मात्र पैसे देऊन दुसऱ्याकडून आखून घ्यायचं, हे आमच्या घरात सुरुवातीला कुणालाच पटलं नव्हतं. नकाशा फुकट आहे, हॉटेलं मोबाइलवर बुक होतात, व्हिडिओ तर हवे तेवढे आहेत. मग १८,००० रुपये द्यायचे कशाचे? एप्रिलमध्ये न्यूझीलंडचं दक्षिण बेट फिरून आल्यावर माझं म्हणणं असं आहे की आखणी करणाऱ्यांनी सुचवलेल्या जागांइतकीच, किंबहुना जास्तच किंमत त्यांनी गाळलेल्या जागांची होती.

सेवा देणारं पुण्यातलं एक जोडपं आहे. काही वर्षं तिकडे नोकरीला होते, आता घरूनच हे काम करतात. नाव लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि व्यवसाय लहान आहे. अशी सेवा घ्यावी का आणि घेतली तर काय काय मागून घ्यावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

ते विमानाची तिकिटं काढत नाहीत, हॉटेल बुक करत नाहीत, कुठून कमिशन घेत नाहीत. बुकिंग आपलं आपण करायचं. त्यांच्याकडून मिळतं ते एवढंच: फोनवर सविस्तर बोलणं, दिवसवार आखणीची पीडीएफ, सगळ्या जागा टाकलेला ऑनलाइन नकाशा आणि प्रवासात असताना व्हॉट्सअॅपवर मदत.

आम्ही सहा जण. मी आणि नवरा, दोघं मिळून कराडात मेडिकलचं दुकान चालवतो आणि दोघंही गाडी चालवतो. सासूबाई आणि सासरे, म्हणजे आमचे आई-बाबा. आईंचे गुडघे दुखतात, बाबा कोयना प्रकल्पाच्या पोफळीच्या वीजगृहातून निवृत्त झालेले. मुलगी सातवीत, मुलगा पाच वर्षांचा. एका गाडीत इतक्या वेगवेगळ्या वयाची माणसं असली की ज्याला सगळ्यात जास्त त्रास होतो त्याच्या बेताने प्रवास होतो. हे आम्हाला माहीत होतं. पण ते कागदावर कसं उतरवायचं हे त्या जोडप्याला माहीत होतं.

पहिला फोन दीड तास चालला आणि त्यातली वीस मिनिटं त्या बाई फक्त आईंशी बोलत होत्या. पहाटे किती वाजता उठता, जिने किती चढवतात, गाडीत सलग किती वेळ बसवतं, रात्री भात लागतो का, वॉशरूमला किती वेळाने जावं लागतं. आईंनी तेव्हा सांगितलं की कुंभार्ली घाटात मागच्या सीटवर बसलं की त्यांना दरवेळी मळमळतं आणि त्या तोंडात आवळा सुपारी धरून गप्प बसतात. इतकी वर्षं त्या घाटाने चिपळूणला जातोय, आम्हाला कुणाला हे ठाऊक नव्हतं. बाबांना त्यांनी विचारलं, नोकरीत काम काय होतं? मुलीला विचारलं, काय पाहायचं नाहीच आहे? तिने सांगितलं, म्युझियम. या एका फोनवरूनच पुढचा निम्मा बेत ठरला.

मी माझी यादी आधीच पाठवली होती. ऑकलंड, रोटोरुआ, वेलिंग्टन, तिथून फेरीने खाली दक्षिण बेटावर, पश्चिम किनाऱ्यावरच्या हिमनद्या, क्वीन्सटाउन, मिलफर्ड, माउंट कुक, सगळं. आमच्याकडे दोन आठवड्यांपेक्षा थोडे जास्त दिवस होते. परत आलेल्या यादीत उत्तर बेट पूर्ण खोडलेलं होतं. शेजारी कारण दिलेलं: फेरीचेच साडेतीन तास, शिवाय आधी रांगेत थांबणं, गाडी चढवणं-उतरवणं, आणि एका बेटाला पुरतील एवढेच दिवस. हे आम्हाला पटलं.

खरा वाद झाला तो पश्चिम किनारा खोडल्यावर. नवऱ्याला फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या हिमनद्या पाहायच्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं की दोन्ही हिमनद्या आता बऱ्याच मागे सरकल्या आहेत, पायी जाऊन लांबच्या व्ह्यूपॉइंटवरून बघाव्या लागतात, बर्फावर पाय ठेवायचा तर हेलिकॉप्टर घ्यावं लागतं आणि तिथे पाऊस इतका की तेही रद्द होऊ शकतं. वानाकाहून हास्ट खिंडीतून तिकडे जायचं म्हणजे आईंना पूर्ण दिवस गाडीत बसावं लागणार. त्याऐवजी ते आम्हाला 'ते आनाउ' या गावाहून पूर्वेला डनिडनकडे वळवत होते, मग किनाऱ्याने ओमारू आणि परत क्राइस्टचर्च. नवरा दोन दिवस नाराज होता. मी मात्र तेव्हाच ठरवलं की हे लोक योग्य आहेत, कारण गिऱ्हाइकाला खूश ठेवायचं असतं तर हिमनद्या तशाच ठेवून आम्हाला दिवसभर पळवणं त्यांना सोपं होतं.

त्यांच्या आखणीचा पाया म्हणजे तास. किलोमीटर त्यांनी बारीक अक्षरात दिले होते, ठळक अक्षरात तास. ते आनाउ ते डनिडन हे अंतर सुमारे २९० किलोमीटर आहे आणि मॅप पावणेचार तास दाखवतो. त्यांच्या कागदावर साडेपाच तास होते. दर दीड तासाला थांबा, जेवण, मुलासाठी एक बाग. प्रत्यक्षात आम्हाला जवळजवळ तेवढाच वेळ लागला. दुसरा हिशोब उजेडाचा. आपण न्यूझीलंडचे फोटो पाहतो ते बहुतेक डिसेंबर-जानेवारीतले, तेव्हा रात्री नऊनंतरही उजेड असतो. आपली शाळांची सुट्टी एप्रिल-मेमध्ये, तेव्हा तिकडे शरद ऋतू. एप्रिलच्या उत्तरार्धात संध्याकाळी सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि सकाळी सव्वासात-साडेसातला उगवतो. म्हणजे दिवस पावणेअकरा तासांचाच. म्हणून प्रत्येक पानावर वर एक ओळ होती: साडेपाचच्या आत मुक्कामी. तिथले बहुतेक हमरस्ते दुपदरी, मध्ये दुभाजक नाही, गावाबाहेर दिवे नाहीत, आणि वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर. अंधारात अनोळखी वळणांवर सहा जणांची गाडी हाकायची वेळ आमच्यावर एकदाही आली नाही, आणि ते केवळ त्या ओळीमुळे.

ज्यांना गाडी चालवण्याची धास्ती वाटते त्यांच्यासाठी: तिकडेही रस्त्याची डावी बाजूच, स्टिअरिंग उजवीकडे. आपलं लायसन्स इंग्रजीत असेल तर चालतं, आम्ही आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून घेतला होता. दोन गोष्टींची त्यांनी आमच्याकडून फोनवर अक्षरशः उजळणी करून घेतली. एक, एकपदरी पूल. दक्षिण बेटावर ते जागोजागी आहेत, आणि पाटीवरचा लहान लाल बाण ज्या दिशेचा, त्या दिशेच्या गाडीने थांबायचं. दुसरी, मागे गाड्या साठल्या की जागा मिळेल तिथे बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्यायचं. आपण हळू चालवतोय याची लाज वाटून घ्यायची गरज नाही, पण वाट अडवायची नाही. मुलाच्या सीटबद्दलही त्यांनीच आधी सांगितलं: सातवा वाढदिवस होईपर्यंत मान्यताप्राप्त चाइल्ड सीट कायद्याने सक्तीची आहे. भाड्याच्या गाडीसाठी मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही, हे दोन महिने आधी कळल्यामुळे नवऱ्याने कार्ड काढून ठेवलं. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्ससारख्या काही रस्त्यांवर भाड्याच्या गाडीचा विमाच लागू होत नाही, त्या रस्त्यांवर नकाशात लाल रेघ मारलेली होती.

सामानाच्या यादीवर तर मला मेडिकलवाली म्हणून त्यांना शाबासकी द्यावीशी वाटते. न्यूझीलंडमध्ये खाण्याची प्रत्येक वस्तू उतरण्यापूर्वी घोषित करावी लागते, लपवलेली सापडली तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. मध चालत नाही. म्हणून आईंचा च्यवनप्राश घरीच ठेवा, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. त्यात मध असतो हे किती जणांच्या लक्षात येतं? औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, तीन महिन्यांना पुरतील त्याहून जास्त नाहीत. ट्रेकचे बूट धुऊन न्या, तळव्याला माती दिसली तर अडवतात. आम्ही बाकी सगळं घोषित केलं, अधिकाऱ्याने दोन प्रश्न विचारले आणि सोडलं.

क्राइस्टचर्चला उतरलो तेव्हा तिथे सकाळ होती आणि आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. वेळेत साडेसहा तासांचा फरक. त्या दिवशी त्यांनी गाडी ताब्यात घ्यायलाच मनाई केली होती. विश्रांती, भारतीय दुकानातून तूरडाळ, तांदूळ, हळद-तिखट घेणं, आणि दुपारी एव्हन नदीकाठचं भूकंप स्मारक. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात गेलेल्या १८५ जणांची नावं तिथे भिंतीवर कोरली आहेत. बाबा त्या भिंतीपाशी बराच वेळ उभे राहिले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते शाळकरी होते, आणि त्यांच्या आळीतली घरं पडलेली त्यांनी पाहिली होती. फोनवर बाबांनी ही गोष्ट ओघात सांगितली होती. त्या बाईंनी ती लक्षात ठेवली.

गाडीच्या बाबतीत मात्र त्यांचा हिशोब साफ चुकला. सहा जणांसाठी सात सीटची गाडी सुचवली होती. सात सीट खऱ्या, पण तिसरी ओळ उघडली की मागे जेमतेम दोन मोठ्या बॅगा मावतात, आणि आमच्याकडे चार होत्या. गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी विमानतळावर मोठी व्हॅन मिळाली नाही. शेवटी मॉटेलवाल्यांनी मोठ्या मनाने दोन बॅगा ठेवून घेतल्या, कारण परतीचा मुक्काम पुन्हा त्यांच्याकडेच होता, आणि आम्ही रात्री बसून सगळं सामान नव्याने भरलं. माणसांची संख्या विचारणाऱ्याने बॅगांची संख्याही विचारायला हवी. ही साधी गोष्ट नाही, गाडीचं भाडं हा अख्ख्या सहलीतला मोठा खर्च असतो.

क्राइस्टचर्चहून तलावाकाठचं तेकापो गाव सव्वादोनशे किलोमीटर. रात्रीचं आकाश पाहण्यासाठी इथे लोक येतात. हा सगळा मॅकेन्झी भाग २०१२ पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेला भाग आहे. मुलं थंडीत कुडकुडत होती, पण आकाशगंगा पाहून आत यायला तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी पुकाकी तलावाच्या काठाने माउंट कुक. तिथली त्यांची आखणी मला फार आवडली: एकाच गावात दोन बेत. मी, नवरा आणि मुलगी पायवाटेने, आई-बाबा आणि लहान मुलगा हिलरी सेंटर या म्युझियममध्ये, जिथे काचेतून ३,७२४ मीटरचं शिखर बसल्याजागी दिसतं. दोन्ही गटांनी किती वाजता कुठे भेटायचं हेही लिहिलेलं. मुलीचं म्युझियम असं चुकलं.

आणि मग बेनमोर. कुठल्याही ग्रुप टूरच्या यादीत हे धरण मी पाहिलेलं नाही. ओमारामाहून वानाकाकडे जायच्या ऐवजी आधी उलट दिशेला ओटेमाटाटापर्यंत जायचं, म्हणजे जाऊन-येऊन साठेक किलोमीटरचा फेरा. शेजारी कंसात फक्त एवढंच: 'बाबांसाठी'. बेनमोर हे मातीचं धरण, ११० मीटर उंच, १९६५ मध्ये पूर्ण झालेलं. आपलं कोयना १०३ मीटर, त्याच काळातलं. धरणाच्या माथ्यावरून सार्वजनिक रस्ता जातो. बाबा गाडीतून उतरले, कठड्याशी गेले आणि पुढचा तासभर त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. तेकापोचं पाणी आधी एका वीजगृहातून, मग सुमारे २५ किलोमीटरच्या कालव्याने पुकाकीकाठच्या दुसऱ्या वीजगृहात, तिथून ओहाउची तीन, मग बेनमोर, मग खाली आणखी दोन. एकच पाणी आठ वीजगृहांतून वीज देत समुद्राकडे जातं. बेनमोरची क्षमता ५४० मेगावॉट, कोयनेची सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट, हे सांगताना त्यांचा आवाज चढला. इथली वीज १९६५ पासून डीसी लाइनने, समुद्राखालच्या केबलमधून उत्तर बेटाला जाते, हेही त्यांना माहीत होतं. नोकरीत असताना वाचलं होतं म्हणाले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या सहलींत मागच्या सीटवर बसून आलेल्या माणसाला त्या दिवशी सगळे प्रश्न विचारत होते. हा एक थांबा आखल्याबद्दल मी त्या जोडप्याला त्यांची फी पुन्हा द्यायला तयार आहे.

वानाकाहून क्वीन्सटाउनला जायचे दोन रस्ते आहेत. जवळचा क्राउन रेंजचा, १,०७६ मीटर उंचीवरून, उतरताना वळणंच वळणं. दुसरा क्रॉमवेलवरून, चाळीसेक किलोमीटर जास्त, पण सरळ. आईंचा कुंभार्लीचा किस्सा आठवून त्यांनी क्रॉमवेलचा दिला. वाटेत फळांची दुकानं आहेत, कावाराउच्या पुलावर बंजी जंप घेणारे दिसतात (१९८८ पासून हा उद्योग इथे चालतो), आणि आई पुढच्या सीटवर बसून सफरचंद खात होत्या. क्वीन्सटाउन मला फारसं भावलं नाही. गर्दी, पार्किंगची मारामार, सगळं महाग. शेजारचं अॅरोटाउन मात्र एप्रिलमध्ये पिवळ्या पानांनी भरून गेलेलं असतं. सोन्याच्या शोधात आलेल्या चिनी मजुरांची लहान दगडी घरं तिथे ओढ्याकाठी राखून ठेवली आहेत, ती जरूर पाहावीत.

मिलफर्डबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथेच बहुतेक लोकांचा दिवस वाया जातो. मिलफर्ड साउंड, म्हणजे उभ्या कड्यांमधली समुद्राची खाडी, क्वीन्सटाउनहून सुमारे २९० किलोमीटर. बरेच टूरवाले तिथूनच एका दिवसात नेऊन आणतात, म्हणजे बारा-तेरा तास, त्यातले आठ-नऊ बसमध्ये. आमच्या कागदावर त्याआधी आणि नंतर ते आनाउला मुक्काम होता. तिथून मिलफर्ड १२० किलोमीटरच्या आत. मॅप दोन तास म्हणतो, त्यांनी साडेतीन दिले आणि दुपारची बोट घ्यायला सांगितलं. पेट्रोलची टाकी आदल्या रात्री भरा, कारण वाटेत पंप नाही. मोबाइलला रेंज नाही, म्हणून त्या दिवसाचं पान छापून ठेवा. ही दोन वाक्यं कुठल्याही व्हिडिओपेक्षा कामाची ठरली.

एग्लिंटनचं खोरं, मिरर लेक्स, मग मंकी क्रीक, जिथे झऱ्याचं पाणी बाटलीत भरून घेतलं. पुढे होमर बोगदा. १९३५ मध्ये काम सुरू झालं आणि १९५४ मध्ये वाहतुकीला खुला झाला; लांबी १.२ किलोमीटर, आणि मिलफर्डच्या बाजूला दहात एक असा उतार. बोगद्याबाहेर किआ नावाचे हिरवे पोपट गाड्यांचं रबर उचकटत होते, आमच्या वायपरवरही एक बसला. मुलाने त्या दिवसानंतर दुसऱ्या कशाबद्दल बोलायचंच बंद केलं. बोटीत असताना पाऊस आला. तिथे वर्षाला सुमारे ६,८०० मिलिमीटर पडतो, महाबळेश्वरपेक्षा जास्त, त्यामुळे कोरडा दिवस मिळेल अशी आशा ठेवू नका असं आम्हाला आधीच बजावलेलं होतं. आणि पावसातच ते पाहावं. उभ्या कड्यांवरून एकदम शेकडो धबधबे सुटले. आंबोलीला, ताम्हिणीला आयुष्य घालवलेल्या आम्हालाही बोलायला शब्द राहिले नाहीत. परतताना वेळेवर निघालो, सगळा घाटरस्ता उजेडात संपला. मेपासून या रस्त्यावर हिमकडे कोसळण्याचा धोका सुरू होतो, चाकांना लावायच्या साखळ्या बरोबर ठेवाव्या लागतात, कधी रस्ताही बंद असतो. म्हणून त्यांनी आमच्या तारखा मेमधून एप्रिलमध्ये आणायला लावल्या होत्या. शाळेचा निकाल आम्ही मामाला आणायला सांगितला.

दुसरी तक्रार इथलीच. ते आनाउहून निघायच्या दिवशी सकाळी किराणा भरायचा, असं कागदावर होतं. तो दिवस २५ एप्रिल, म्हणजे अँझॅक डे. १९१५ च्या गॅलिपोलीच्या लढाईत आणि नंतरच्या युद्धांत गेलेल्या सैनिकांचं स्मरण. पहाटे गावोगावी लोक जमतात आणि बहुतेक दुकानं दुपारी एकपर्यंत बंद असतात. सुपरमार्केटचं दार बंद पाहून आम्ही कॅफेत टोस्ट खाऊन निघालो. आईंच्या डाळ-भाताचं सामान संध्याकाळी डनिडनमध्ये मिळालं. मोठं काही बिघडलं नाही, पण तारखेनिशी पैसे घेऊन आखलेल्या बेतात राष्ट्रीय सुट्टीची नोंदच नसणं हे चालणार नाही. गुड फ्रायडे आणि ईस्टर संडेलाही तिकडे दुकानं बंद असतात. एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी हे स्वतः तपासून घ्यावं. त्याच सुमाराला तिथल्या शाळांनाही सुट्टी असते, त्यामुळे खोल्या लवकर संपतात. हे मात्र त्यांनी सांगितलं होतं.

राहण्याबद्दल त्यांचा सल्ला एकच आणि चोख: हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं मॉटेल किंवा हॉलिडे पार्कमधलं केबिन घ्या. खोलीच्या दारात गाडी उभी राहते, जिना नाही, शेगडी-भांडी-फ्रिज सगळं असतं. रोज रात्री वरण-भात, कधी खिचडी, पापड मायक्रोवेव्हमध्ये. सहा शाकाहारी माणसांचा बाहेरच्या जेवणाचा खर्च किती वाचला असेल याचा हिशोब मी केला नाही, पण आईंचं पोट एकदाही बिघडलं नाही.

डनिडनमध्ये बॉल्डविन स्ट्रीट, जगातला सगळ्यात खड्या चढाचा रस्ता, तिथे मुलं वरपर्यंत गेली. मोएराकीचे समुद्रकाठचे गोल खडक पाहिले. ओमारूला संध्याकाळी निळे पेंग्विन समुद्रातून परत येतात. उन्हाळ्यात त्यासाठी रात्री उशिरापर्यंत बसावं लागतं; एप्रिलमध्ये लवकर अंधार पडतो, म्हणून पाच वर्षांचं मूल जागं असताना ते दिसतात. लहान दिवसाचा असा फायदा काढता येतो हे मला सुचलं नसतं. माझ्या नवऱ्याने त्या रात्री हिमनद्यांचा विषय स्वतःहून मिटवला.

आणखी दोन बारीक गोष्टी. पीडीएफ फार लांब आहे. पहिली काही पानं देशाचा इतिहास, हवामान, चलन अशी, जी सगळ्यांना तीच पाठवत असावेत. ती काढून दिवसवार पानं पुढे आणली तर बरं. रविवारी व्हॉट्सअॅपला उत्तर येत नाही, हे आधी सांगायला हवं होतं. व्हिसाच्या कागदपत्रांसाठी त्यांच्यावर अवलंबून राहू नका, ते त्यांचं कामच नाही. नकाशा मात्र अप्रतिम: स्वच्छतागृहं, पेट्रोल पंप, मुलांच्या बागा, प्रत्येकाचा वेगळा रंग. तिथली सार्वजनिक स्वच्छतागृहं अगदी छोट्या वस्तीतही स्वच्छ असतात, आणि त्या नकाशामुळे आईंनी पहिल्यांदाच प्रवासात पाणी पिणं टाळलं नाही.

दोघंच असाल, तरुण असाल, वाटेत बेत बदलायची हौस असेल, तर या सेवेची गरज नाही. नकाशा घ्या आणि निघा. आई-वडील आणि लहान मूल एकाच गाडीत असतील तर जरूर घ्या, पण तीन गोष्टी लेखी मागा: बॅगांसकट गाडीचा आकार, तुमच्या तारखांमधल्या तिथल्या सुट्ट्या, आणि रोजचा सूर्यास्त. माझ्याकडून पाचपैकी चार. गाडी आणि सुट्टीबद्दल मी त्यांना परत आल्यावर सविस्तर मेल केला. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं, चूक मान्य केली होती, आणि सोबत त्यांचा नवा प्रश्नफॉर्म जोडला होता. त्यात बॅगांची संख्या आणि आकार विचारणारा रकाना आता पहिल्याच पानावर आहे.